भोसरीहून चाकणची बस

चाकणच्या कांदाबाजाराचा उग्र वास आला की अण्णांसोबतचा तो बसप्रवास आठवतो. "मुलगा सिरियस आहे, निघून या," असा दादाच्या कंपनीतून गावी फोन आला होता. आम्ही पुणे स्टेशनला उतरलो, भोसरीला बस बदलली. अण्णांनी कंडक्टरला फोनचं सांगून विचारलं, "त्याला भाकरी चालंल ना, भाऊ?" कुणीतरी उठून अण्णांना जागा दिली. मेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही, सिरियसच म्हणतात, हे अख्ख्या बसला ठाऊक होतं, आम्हालाच नव्हतं.

आज आमच्या शिफ्टमधल्या एका पोराच्या घरी फोन मलाच करावा लागला. "काका, सिरियस आहे, निघून या. स्टेशनवरून भोसरी गाठा, तिथून चाकण."

"डबा आणू का त्याला?"

"आणा," मी म्हणालो.