टिंबं द्यायला शिकवणाऱ्या बाई

“तू वाच. मी ऐकतेय,” असं म्हणून बाई दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात, ग्रंथालयामागच्या खोलीत डोकावलं की रोज हेच दिसायचं. समोर कोणीतरी अडखळत वाचतंय आणि बाई डोळे मिटून ऐकताहेत. मला त्या हातांचा पहिल्या दिवसापासून संशय होता.

तुम्ही म्हणाल, हातांचा कसला संशय? अहो, मी परीक्षा विभागात वीस वर्षं काढलीत. मोज्यातून, पॅडच्या पुठ्ठ्यातून, एकदा तर डब्यातल्या पोळीखालून चिठ्ठ्या काढल्यात. कोणी हात लपवले की मला ‘दाखवा’ म्हणावंसं वाटतं, मग समोर सत्यनारायणाचे गुरुजी का असेनात.

खोलीवर पाटी होती, ‘अध्ययन साहाय्य कक्ष’. अभ्यासात मागे पडणाऱ्यांना तिथे पाठवायचं. बाई कंत्राटावर होत्या. आधी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामगारांना मशीनवरच्या इंग्रजी सूचना वाचायला शिकवायच्या. “तिथे न वाचता बटण दाबलं की बोट जायचं. इथे नुसतं वर्ष जातं,” असं हसून सांगायच्या. मला हसू यायचं नाही. सगळ्या विषयांत गटांगळ्या खाणारी मुलं तिथून दोन महिन्यांत बरं लिहायला लागायची. हे कसं? बाईच लिहून देत असणार, असं मी धरूनच चाललो होतो.

एकदा तोंडावरच विचारलं. चिडल्या नाहीत.

“पहिल्या वर्षी एकीला दिलेलं लिहून, साहेब. ती पास झाली आणि पुढच्या वर्षी सगळ्या विषयांत गेली. तेव्हापासून हात आत ठेवते. बाहेर असले की पेन्सिल उचलतात मेले.”

म्हणजे कबुलीच की! मी ती नीट लक्षात ठेवली.

मग व्यापारी कायद्याच्या पेपरला खडवलीहून येणारी एक मुलगी माझ्या हाती लागली. तिची शाळा मराठीतून, कॉलेज इंग्रजीतून, आणि या एका विषयात दोनदा नापास होऊन केटी लागलेली. या वेळी सुटली नाही तर घरचे कॉलेजातून नाव काढून घेणार, हे तिने ऑफिसात रडून सांगितलं होतं. तिच्या प्रश्नपत्रिकेवर काही शब्दांखाली पेन्सिलीची बारीक टिंबं होती. प्रश्नपत्रिकेवर आसनक्रमांकाशिवाय काही लिहायचं नाही, हा नियम. त्यात ती त्या खोलीतली. पेपर संपल्याबरोबर मी प्रश्नपत्रिका ताब्यात घेतली.

आठवडाभर ती टिंबं मोजली. उत्तरांच्या क्रमांकांशी जुळवली, शेवटाकडून वाचली, बायकोला दाखवली. “कंटाळली असेल पोर,” ती म्हणाली. उलगडलं काहीच नाही. तरी मी अहवालात लिहिलं, ‘सदर कक्षाच्या कामकाजाबाबत संशयास वाव आहे.’ मुलीचा निकाल राखून ठेवला गेला.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये सुनावणी झाली. बाईंनी तिची वकिली केली नाही. तीच प्रश्नपत्रिका तिच्यापुढे सरकवली आणि हात पदराखाली घेतले.

“तू वाच. मी ऐकतेय.”

मुलगी वाचू लागली. टिंबाचा शब्द आला की तो सोडून पुढे जायची, प्रश्न संपला की मागे यायची.

“हा ‘रिव्होक’ मला नव्हता येत, मॅडम. म्हणून टिंब दिलेलं. पण आधी ऑफर आहे, आणि नंतर ऑफर देणाराच नाही म्हणतो. म्हणजे ऑफर परत घेतली त्याने.”

“न कळलेल्या शब्दापाशी अडून बसायचं नाही,” बाई प्राचार्यांना म्हणाल्या. “टिंब द्यायचं, पुढे जायचं. पण परत यायचं. एवढंच शिकवते मी.”

निकाल मोकळा झाला. मुलगी पास झाली.

माझा अहवाल मात्र फाइलमध्ये राहिला. तो मागे घ्यायला हवा होता. मी आज-उद्या करत राहिलो. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मे महिन्यात बाईंच्या कंत्राटाचा विषय निघाला, कॉलेजच्या समितीने फाइल उघडली, ते एक वाक्य वाचलं आणि कक्षच बंद केला. बाई किल्ली द्यायला माझ्याकडेच आल्या. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचे हात नीट पाहिले. साधे हात होते, नखांशी हळद लागलेली.

“येते, साहेब,” एवढंच म्हणाल्या.

कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा ती मुलगी तिसऱ्या वर्षाचा फॉर्म घेऊन आली.

“सर, मॅडमची खोली का बंद आहे? मी दोनदा येऊन गेलेली.”

वरून ऑर्डर आली, असं सांगता आलं असतं. आम्ही ऑफिसवाले तेच सांगतो. मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, फाइल काढून माझा अहवाल तिच्यापुढे ठेवला आणि हात टेबलाखाली घेतले.

“तू वाच,” मी म्हणालो. “मी ऐकतोय.”

अहवाल मराठीत होता. ती कुठेच अडखळली नाही.