खिडकी नसलेला गोठा

होसकोट्याजवळ आमच्या घरामागे एक जुना गोठा होता. माणसाहून उंच दगडी फरशा जमिनीत उभ्या रोवून त्याच्या भिंती केल्या होत्या. फटींत माती लिंपलेली आणि वर मंगलोरी कौलं. दार इतकं बुटकं, की अण्णा, म्हणजे माझे वडील, आत जाताना देवळात शिरल्यासारखे वाकत. खिडकी नव्हतीच. बैलांना कशाला हवी खिडकी, असं बांधणाऱ्याला वाटलं असणार.

मला कळू लागलं तेव्हा बैल विकले गेले होते आणि तिथे आईने रेशमाचे किडे पाळले होते. तुतीचा पाला बारीक चिरून ती बांबूच्या परड्यांत पसरायची. किड्यांना वास सोसत नाही म्हणून आत उदबत्तीसुद्धा चालत नसे. एकदा शाळेच्या समारंभासाठी पावडर लावून मी परड्यांपाशी गेले, तर तिने मला हौदावर नेऊन तोंड धुवायला लावलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर रोग पडून किडे मेले. पुढच्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा आईने परड्या माळ्यावर टाकल्या. त्याच सुमारास दादाला मारतहळ्ळीकडे नोकरी लागली आणि त्याने एक जुनी मोटार घेतली. गोठा पाडून तिथे गाडीसाठी पत्र्याची शेड घालायची, असं अण्णांनी ठरवून टाकलं. आईला कुणी विचारलं नाही.

गवंडी यायचा होता त्या सकाळी आईने मला हाक मारली. आम्ही दोघींनी तिचं शिवणयंत्र उचलून गोठ्यात नेलं. ती दाराच्या उजेडाला बसून झंपर शिवू लागली. गवंडी पहार घेऊन आला आणि दारातच थबकला. अण्णांनी तिला बाहेर यायला सांगितलं.

"स्वल्प थांबा," ती मान वर न करता म्हणाली. "एवढी बाही होऊ दे."

ती बाही झाली, मग दुसरी झाली, मग गळा निघाला. गवंडी चहा पिऊन परत गेला.  संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "त्या अंधारात डोळे जातील तुझे."

"मग खिडकी पाडून द्या," आई म्हणाली.

तोच गवंडी पुन्हा आला. छिन्नीने त्याने एका फरशीचा वरचा भाग काढला आणि गोठ्यात पहिल्यांदा ऊन आलं. कपड्यांच्या कारखान्यात कामाला जाऊ पाहणाऱ्या गावातल्या मुली शिकायला येऊ लागल्या. त्या आईला अक्का म्हणत. दुसरं यंत्र आलं, रेडिओ आला. पहिल्या मुलीला काम लागलं तेव्हा तिने आणलेला म्हैसूरपाक आम्ही तिथेच, चिंध्यांच्या ढिगावर बसून खाल्ला.

दादाची मोटार चिंचेखालीच राहिली. रोज सकाळी तो तिच्यावरची पाखरांची घाण पुसत बसे, आणि अण्णा खिडकीतून हात घालून आईकडून त्याला फडकी मिळवून देत.