तूप संपल्याचा चेहरा

रोज सकाळी कॉफी ओतून झाली की हिराबाई मामी डवऱ्यात, पेल्याखालच्या पसरट वाटीत, सांडलेल्या थेंबांत बोट बुडवायच्या आणि ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर एक चेहरा काढायच्या. नाकाची एक रेघ, हनुवटीची एक, भुवईचा एक फटकारा. आदल्या दिवशी ज्यानं डोकं खाल्लं असेल त्याचा. कधी दूधवाला, कधी मुहूर्त सांगायला आलेले वाध्यार, कधी चेन्नईहून फोन करणारी विहीण. मग मान कलती करून त्या बघायच्या, स्वतःशीच 'हं' म्हणायच्या आणि फडकं फिरवायच्या. मी शेजारून कढीपत्ता मागायला जायचे, म्हणून मला हे ठाऊक. एकदा तिथं मीच होते. नुसतं कपाळ. एम.ए.चा निकाल लागल्यावर मी भेटेल त्याला काहीबाही समजावून सांगत फिरत होते, त्याच आठवड्यातली गोष्ट.

मामी काही देवमाणूस नव्हत्या. त्यांच्या फरशीवर मेलेल्या माणसांनाही माफी नव्हती.

तंजावुरात आमच्या गल्लीत अजून पाचसहा घरं आपल्या लोकांची आहेत. घरात मराठी, दारात तमिळ आणि भांडण वाढलं की इंग्रजी. मामी मराठीत बोलायच्या, मराठीत शिव्या द्यायच्या आणि सही तमिळ अक्षरांत करायच्या. त्यांचे यजमान सीतारामराव मामा ओरत्तनाडूच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. ते निवृत्त झाले, पण फक्त कचेरीतून. घरात अजूनही कुठलीही गोष्ट क्रमानं आणि त्यांच्या मंजुरीनंच व्हायची. कोथिंबिरीची खरेदीसुद्धा.

जेवताना त्यांना तूप लागायचं. भातावर, सांबारात, अडैच्या कडेला. आणि 'तूप संपलं' असं ऐकलं की त्यांचा खालचा ओठ पुढं यायचा, डावा डोळा बारीक व्हायचा, आणि सगळ्या जगानं आपल्याविरुद्ध ठराव मंजूर केल्यासारखे ते पानाकडं बघत बसायचे.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मामींनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सासऱ्यांचं चित्र काढलं होतं. विडा चघळतानाचं. ते मामांच्या हाती लागलं. त्यांनी ते नीट चार घड्या घालून फाडलं. फाडण्यातही त्यांचा क्रम होता. "आपल्या घरात असली चेष्टा चालत नाही," एवढंच म्हणाले. त्यानंतर मामींनी कागदावर काही काढलं नाही. कॉफी फाडता येत नाही.

पुढं मुलगा सतीशकुमार चेन्नईला गेला, त्याचं लग्न झालं, आणि सून श्रीविद्या एका मोठ्या कंपनीत लोकांना आनंदी ठेवायच्या खात्यात कामाला होती. तिनं फोनवरून सासूलाही आनंदी करायला घेतलं.

"अत्तै, तुम्ही स्वतःसाठी काही करतच नाही. तुमच्यातली क्रिएटिव्हिटी शोधायला पाहिजे."

"कुठं हरवली म्हणतेस?" मामींनी विचारलं.

पण श्रीविद्यानं नाव घालून टाकलं होतं. मेडिकल कॉलेज रोडवर मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सुप्रभा मॅडम तंजावूर चित्रांचा हौशी वर्ग घ्यायच्या. मामांनी कळल्यावर वर्तमानपत्र खाली केलं.

"टिकल्या चिकटवायला शाळा?"

"सून म्हणाली."

"सून म्हणाली तर जा. परत येताना डिंक घरी आणू नकोस. मुंग्या लागतात."

वर्गाच्या भिंतीवर मोठा फलक होता: 'तुमच्यातला कलाकार जागा करा'. जागा झाल्यावर त्यानं काय करायचं हेही ठरलेलं होतं. लोण्याचा हंडा घेतलेला बाळकृष्ण. मॅडम छापील रेखाटन द्यायच्या, ते कार्बननं फळीवर उतरवायचं, खडे लावायचे, खडूच्या लगद्यानं दागिने उठवायचे, वर सोन्याचा वर्ख, मग रंग. स्वातंत्र्य होतं ते खड्यांत. लाल नाहीतर हिरवा. कनकलता म्हणून एक बँकेतल्या बाई होत्या, त्यांनी निळा मागितला. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "पुढच्या बॅचला बघू."

सगळ्या बायका पहाटे आपापल्या दारात रांगोळीचा नवा कोलम काढून यायच्या. कालच्यासारखा आजचा नाही, वळणं मनातली, हात न थरथरता. तो कोलम ओलांडून, रिक्षा करून, त्या आपल्यातला कलाकार शोधायला या हॉलमध्ये पोचायच्या आणि कार्बन कागदावरून रेघ गिरवायच्या.

चेहरा मात्र मॅडम स्वतः काढायच्या. सगळ्यांचा. "मुख बिघडलं की सगळं गेलं. तुम्ही मन मोकळं करा, मुख माझ्यावर सोडा." त्यामुळं गावातल्या कितीतरी बैठकीच्या खोल्यांत एकच बाळ बसलेलं आहे. गुटगुटीत, गुळगुळीत, लोणी मिळालं की नाही मिळालं याचा काही पत्ता लागू न देणारं.

मामींचा कृष्ण वर्खापर्यंत आला आणि मॅडमना पापनाशमला भाचीच्या लग्नाला जावं लागलं. दोन दिवस वर्ग बायकांवर सोपवला होता. मामींनी बारीक कुंचला घेतला. समोर कृष्णाच्या हातात रिकामा हंडा होता. लोणी संपलेला. मामींना लोणी संपलेला चेहरा शोधायला लांब जावं लागलं नाही.

वासुकी त्यांच्या शेजारी बसायची. शाळेत मुलींना खोखो शिकवून निवृत्त झालेली, आवाज अजून मैदानाइतका. ती वाकली आणि ओरडली, "अय्यो मामी! हे तर तुमच्या घरचे!"

"हळू बोल गे."

"तो ओठ! अहो, तो डोळा! मामा कंडक्टरकडं सुट्टे मागतात तेव्हा अस्सेच बघतात."

सगळ्या जणी उठून आल्या. कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी खिडकीकडं गेलं. त्या हॉलमध्ये इतक्या महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. मन मोकळं करायच्या नादात वेळच मिळाला नव्हता.

मॅडम परत आल्या तेव्हा हसल्या नाहीत.

"हे काय? बाळकृष्ण रुसलेला? खरवडा हे. मी करून देते."

"राहू दे."

"मामी, नवरात्रात तुमच्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनात आपल्या वर्गाची चित्रं जाणार आहेत. खाली माझं नाव असणार."

"नाव खरवडा की," मामी म्हणाल्या. "चेहरा राहू दे."

मामी कुणाला 'नाही' म्हणाल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. वासुकीनं ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पेरिया कोविलपर्यंत, म्हणजे मोठ्या देवळापर्यंत पोचवली. श्रीविद्यानं फोटो पाहिला आणि घाबरून फोन केला. "अत्तै, मामांनी ओळखलं तर? फाडतील."

"फळी आहे, फाटत नाही," मामी म्हणाल्या. मग थोडं थांबून, "जाळता येते, ते खरं." आणखी थोडं थांबून, "पण नाही ओळखायचे. त्यांनी आरशात आजवर फक्त दाढी बघितली आहे."

चित्र घरी आलं त्या दिवशी कढीपत्ता नको असतानाही मी तिथं होते. मामांनी चष्मा लावला. जवळ गेले, लांब आले. मामींनी ओट्याची कड घट्ट धरली होती. कॅलेंडरच्या चार घड्या त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

"हिरा," मामा म्हणाले, "याच्या तोंडावर तेज आहे."

मामा पुन्हा चित्राजवळ गेले.

"आणि ओळखीचं वाटतं. कुठल्या तरी जन्मी पाहिल्यासारखं."

दुसऱ्या दिवसापासून चित्र देवघरात गेलं. मामा रोज आंघोळ करून स्वतःच्या खालच्या ओठाला गंध लावायचे, स्वतःच्या बारीक डोळ्यासमोर कापूर ओवाळायचे आणि तूप निथळणाऱ्या गोड पोंगलचा नैवेद्य दाखवून तो स्वतःच खायचे. स्वतःची आरती करणारी माणसं आमच्या गावात आणखीही आहेत, पण ती इतक्या भक्तीनं करत नाहीत.

मामींची झोप मात्र उडाली. त्यांनी समई सरकवून हनुवटीवर सावली पाडली. ओठाशी एक मोठं जास्वंदीचं फूल रोज टेकवायला सुरुवात केली. मामा ते फूल रोज बाजूला करायचे: "देवाचं तोंड दिसू दे." आणि मग मामांनीच जाहीर केलं, की हे चित्र मंडळाच्या प्रदर्शनात जाणार.

"नक्को हो," मामी म्हणाल्या. "नजर लागेल."

"देवाला नजर लागत नाही. मी सांगून आलो."

नवरात्रात मंडळाचा हॉल भरला होता. एका बाजूला कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या, दुसऱ्या बाजूला भिंतीला लावलेले बाळकृष्ण. ओळीनं सगळे जुळे भाऊ, आणि मध्येच एक पेन्शनर. द्रोणातलं सुंडल खात लोक पुढं सरकत होते आणि त्या चित्रापाशी येऊन घास गिळायला विसरत होते. मामा शेजारीच उभे होते, यजमानासारखे, त्यामुळं तुलना करायची चांगली सोय झाली होती.

अध्यक्ष व्यंकोजीराव आले. भोळे गृहस्थ. एकदा चित्र, एकदा मामा, पुन्हा चित्र.

"अहो सीतारामराव! हे तर तुम्हीच!"

हॉलमधलं सुंडल थांबलं. वासुकीनं माझा दंड धरला. मामी भिंतीपाशी गेल्या आणि चित्राच्या आणि मामांच्या मधोमध उभ्या राहिल्या. हात किंचित मागं, फळीला टेकलेला. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं. माफी मागणार होत्या की सगळं सांगून टाकणार होत्या, कुणास ठाऊक.

मामांनी चष्मा पुसला. मामींच्या खांद्यावरून बघितलं. खालचा ओठ पुढं आला, डावा डोळा बारीक झाला, आणि आता हॉलमध्ये ते चेहरे दोन झाले, कुणाला काही शंका उरली नाही. मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगे," ते म्हणाले, "इतकी वर्षं तुला माझ्यात हे दिसत होतं?"

मामींनी तोंड मिटलं. फळीवरचा हात काढला.

"होय," त्या म्हणाल्या. "रोज."

टाळ्या पडल्या. व्यंकोजीरावांनी तिथल्या तिथं आदर्श पत्नीचं एक खास बक्षीस काढलं आणि पतीत परमेश्वर पाहणाऱ्या आपल्या समाजातल्या स्त्रियांबद्दल चांगलं लांब भाषण केलं. वर्गातल्या बायका कोलूच्या मागं जाऊन बसल्या होत्या, एकमेकींकडं बघायची सोय नव्हती. सुप्रभा मॅडमनी चित्रासमोर फोटो काढून घेतला, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या फलकावर नवं वाक्य आलं: 'पतीच्या रूपात परमेश्वर, विशेष वर्ग'. बायका नवऱ्याचा पासपोर्ट फोटो घेऊन जाऊ लागल्या. मुख मॅडमच काढायच्या. सगळे नवरे सारखेच आले, आणि सगळे खूश झाले.

मी मामींना विचारलं, "खरं का नाही सांगितलं?"

"सांगून काय मिळालं असतं? सरपण."

आणि त्यांना मिळालं ते वेगळंच. मामांनी पुढच्या खोलीतलं आपलं टेबल रिकामं केलं. वर्तमानपत्रांची चळत खाटेखाली गेली, तिथं फळ्या आल्या, कुंचले आले, डिंकसुद्धा आला. मुंग्या लागल्या, मामा काही बोलले नाहीत. त्यांनी एकच हुकूम काढला.

"आता दशावतार कर. मी बसतो समोर."

"थेट रामच घेऊ का?" मामींनी साळसूदपणे विचारलं.

"मधूनच? छे. क्रमानं घे."

मामींनी क्रमानं घेतलं. आधी मासा. सोनेरी खवले, हिरवा खडा, आणि पाण्यातून वर बघणारा तो रुसलेला खालचा ओठ. मग कासव. पाठीवर मंदार पर्वत, आणि हा पर्वत आपल्याला न विचारता ठेवला गेल्याची नोंद घेणारा बारीक डावा डोळा. प्रत्येकाच्या खाली मामींची सही, तमिळ अक्षरांत, आधी बारीक आणि मग जरा मोठी. मामा ताठ बसायचे, मध्येच विचारायचे, "तेज आलं का?" आणि मामी म्हणायच्या, "येतंय." आल्यागेल्याला ते मासा दाखवून सांगायचे, की यात आपली फक्त सुरुवात आहे. ओट्यावरची फरशी त्या दिवसांत कोरडीच असायची.

तिसरा वराह. त्यात मामींनी जीव ओतला. सुळ्यांना खरा वर्ख, मानेवर केस एकेक. तो पुरा व्हायचा राहिला. गेल्या कार्तिकात दुपारी जेवून मामी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मामा अजून पाहुण्यांना डुकराशी नेऊन उभं करतात आणि म्हणतात, "आणखी थोडं असतं तर रामापर्यंत पोचलो असतो." कुणी हसत नाही. मीही नाही.

त्याच दुपारी, जेवणाच्या वेळी, मी त्यांचं भांडं परत द्यायला गेले होते. मामा पानावर बसले होते. टेबलावर वराहाचा डोळा तेवढा कोरा होता आणि कुंचला पाण्याच्या पेल्यात उभा होता. फडताळात मिठाच्या बरणीमागं तुपाची बरणी होती, आदल्या दिवशी कढवलेली, गळ्यापर्यंत भरलेली. मामींनी माझी नजर तिकडं गेलेली पाहिली आणि फडताळाचं दार अलगद लोटलं. मग पदराला हात पुसत त्या मामांच्या समोर येऊन बसल्या, मान कलती केली आणि म्हणाल्या,

"तूप संपलं हो."