लेकाच्या बदली सोनाबाई

सोनाबाईच्या पायाला जन्मापासून भिंगरी. मोरा बंदरावरून मासळी उचलायची, पनवेलच्या बाजारात येऊन बसायचं आणि बसल्या बसल्याही शेजारणीच्या पाटीतली कोलंबी निवडत राहायची. पण हल्ली तिची चुळबुळ निराळी होती. एकुलता एक लेक प्रितम तळोज्याच्या कारखान्यात कामाला. त्याचं जेवण तुटलं होतं, आणि भर सावलीत तो काळा चष्मा लावून फिरू लागला होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? चष्म्याच्या कडेने तिला त्याचे पिवळे डोळे दिसलेच.

त्याचा बाप दयाराम असाच पिवळा होऊन गेला होता. तेव्हा त्याच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत बेंबीपर्यंत आली, सगळे म्हणाले उतार पडला, आणि दयाराम गेला. तेव्हापासून सोनाबाईने माळेचं नाव टाकलं. तिचा भरवसा फक्त रक्त तपासण्यावर.

बाजाराच्या कोपऱ्यावर कुंदनची लॅब होती. आजवर कुणीही जावं, हात पुढे करावा आणि रक्त देऊन यावं. पण या खेपेला कुंदन म्हणाला, "मावशी, नियम बदललाय. आता डॉक्टरांनी पेशंटला तपासून चिठ्ठी दिली तरच काविळीच्या टेस्ट होतात."

"सुईला पन चिठ्ठी लागाया लागली काय रं?" सोनाबाई कडाडली.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. प्रितम डॉक्टरचं नाव काढू देत नव्हता. "आये, डाक्टरनं कायतरी लिवून दिलं आन् कारखान्यात कळलं, तर मला घरीच बसवतील. तुला कळत कसं नाय?"

सोनाबाईला एवढंच कळत होतं, की बापामागोमाग लेक जायला नको.

आता बाजाराची रीत अशी, की एखादी घरी गेली तर शेजारीण तिच्या पाटीवर बसते, तिची मासळी तिच्याच भावात विकते. गिऱ्हाईक विचारत नाही, खरी मालकीण कोण. त्या रीतीने सोनाबाई सरळ डॉक्टर ऋचाच्या दवाखान्यात गेली आणि लेकाच्या पाटीवर बसली.

"जेवन जात नाय बाय. अंग मोडून येतं. डोले पिवले झालेत."

ऋचाने तिची पापणी ओढून पाहिली. "डोळे तर स्वच्छ आहेत, मावशी. घरात कुणाला कावीळ झाली होती?"

दयारामचं मात्र सोनाबाईने खरं सांगितलं. ऋचाने पोट चाचपलं आणि चिठ्ठी लिहिली. सोनाबाई चिठ्ठी नाचवत लॅबमध्ये पोचली. "हे घे. सांच्याला पोराला धाडते."

"मावशी, यावर सोनाबाई लिहिलंय. प्रितमच्या हातातून तुमचं रक्त कसं काढू?"

तिचं तोंड पडलं. सुईपुढे रीत चालत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता खोटं उघडं पडू नये म्हणून तिने रागारागाने स्वतःचाच हात पुढे केला.

दवाखान्यातून बोलावणं येईपर्यंत तिने सुरमई समजून गिऱ्हाईकाला हलवा मासा दिला आणि वर त्याच्याशीच भांडली. बोलावणं आलं तशी ती गेली आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणाली, "बाय, मी खोटं बोलली. दुखनं माजं नाय, पोराचं हाय."

"मावशी, दुखणं तुमचंही आहे," ऋचा हळू आवाजात म्हणाली. "हिपॅटायटिस बी. हा काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप अंगात राहतो. तुमच्याकडे कुठून आला ते सांगता येणार नाही. पण बाळंतपणात तो आईकडून मुलाला जाऊ शकतो. यात तुमची काही चूक नाही, आणि औषध आहे. मुलाला मात्र आजच आणा."

पुढचं सोनाबाईने ऐकलं, पण तिच्या कानात एकच शब्द घुमत राहिला. आईकडून.

ती तडक तळोज्याला गेली आणि कारखान्याच्या फाटकाशी येरझारा घालू लागली. प्रितम बाहेर आला तो चिडूनच. "हितं कशाला आलीस?"

"माजं रगत खराब निघालं रं."

प्रितमने चष्मा काढला. स्वतःसाठी हलला नसता तो पोरगा आत पळत गेला, रजा टाकून आला आणि तिला रिक्षात बसवलं.

रिक्षात तिने जीव घट्ट करून सांगितलं, "तुजं दुखनं माज्याकरनंच आलं असंल. पोटातनं दिलं मी तुला."

प्रितमने तिचा हात दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

आत गेल्यावर तिने त्याला पेशंटच्या स्टुलावर बसवलं. ऋचाने विचारलं, "काय होतंय?"

सवयीने सोनाबाईचं तोंड उघडलं. मग तिने पदर तोंडाशी धरला.

"डाक्टर," प्रितम म्हणाला, "मला लय भीती वाटते."