दारावर दोन नंबर

कापसाचा हंगाम आला की दारव्ह्यात तंतू कुठेही सापडतात. पोलक्याच्या बाहीवर, वरणात, हजेरीपटाच्या पानांत. कोणी आणून ठेवत नाही, पण झाडायला घेतलं की मूठभर निघतात. आमच्या मुलींच्या शाळेतल्या स्टाफरूमचे किस्से असेच साचलेत. आज जरा झटकतेच!

आधी माणसं सांगते. नलूताई भूगोल शिकवायच्या, जोशीबाई संस्कृत. ड्रॉइंगला राठोडमास्तर, जवळच्याच बंजारा तांड्यावरचे. आणि मी, प्रमिला, बी. ए. होऊन नुकतीच इंग्रजीला लागलेली.

मला एक खोड आहे. घाबरले की उचकी लागते. आणि मी कशालाही घाबरते; घंटेला, पालीला, तारवाल्याला.

माझी दोन स्थळं या उचकीनं परत गेली होती. पहिल्यांनी विचारलं, "मुलीला काही दुखणं आहे का?" दुसऱ्यांनी तर विचारलंसुद्धा नाही, पोहे अर्धे टाकून उठले. बाबांनी बाभुळगावहून बजावलं होतं, "प्रमिला, तिसऱ्यांदा असं झालं, तर पुन्हा स्थळ आणायची माझी हिंमत नाही."

ते पत्र वाचतानाही मला उचकी लागलेली होती.

* * *

आमचा खेळ सुरू झाला तो जिऱ्याच्या पुडीतून. बाजारातल्या किराणावाल्याकडे नागपूरची रद्दी यायची आणि तिच्यात विलायती मासिकं असायची. नलूताई पुडी शाळेत आणून सोडायच्या. जिरं डब्यात, कागद टेबलावर. चित्राखालची ओळ स्वतःही न वाचता अंगठ्यानं झाकायच्या आणि विचारायच्या, "सांगा, गाव कोणतं?"

नियम कडक होता. मनोरे, पुतळे, झेंडे बघायचे नाहीत. फक्त दारावरचा नंबर आणि रस्त्याची पाटी.

"पण पाटीवरून कसं कळेल?" मी विचारलं.

"माणूस बोलला की तो वणीचा का पुण्याचा, ते कळते ना तुले? पाटीही बोलते, प्रमिले!"

पहिल्याच चित्रात निळ्या पत्र्यावर पांढरा आकडा होता आणि रस्त्याच्या पाटीला हिरवी किनार. राठोडमास्तरांनी मान तिरपी केली. "हे रंग मले ओळखीचे वाटून राह्यले. मागच्या हळदीच्या पुडीवर हेच होते. पॅरिस!"

अंगठा बाजूला झाला. पॅरिस! नलूताईंनी टेबलावर असा हात मारला की जिरं उडालं आणि मला उचकी लागली.

* * *

जोशीबाईंचं उत्तर मात्र ठरलेलं. लंडन!

पाटी कसलीही असो, लिपी कुठलीही असो, बाई पदर सावरून म्हणणार, "लंडनच." एकदा चित्रातल्या दारासमोर उंट बसला होता.

"जोशीबाई, उंट हाये तिथं!" राठोडमास्तर कळवळून म्हणाले.

"पाळला असेल कोणी," बाई म्हणाल्या.

सगळा पावसाळा हेच चाललं. आणि एका दिवशी, चहापत्तीच्या पुडीवर, खरोखरच लंडन निघालं! त्या पाटीवर रस्त्याच्या नावापुढे 'एस. डब्ल्यू.' अशी दिशांची अक्षरं लाल रंगात होती. आम्ही तिघंही दुसरंच गाव धरून बसलो होतो. जोशीबाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सबंध स्टाफरूमकडे बघून म्हणाल्या, "मी जूनपासून सांगतेय!"

* * *

मग आलं ते रंगीत पान. एकच दार, आणि त्यावर दोन नंबर! वर लाल पाटीवर बाराशेच्या पुढचा काहीतरी लांबलचक आकडा, खाली निळ्या पाटीवर नुसता सात.

आम्ही पान उलटसुलट फिरवून पाहिलं. शेवटी जोशीबाई म्हणाल्या, "भाऊ वेगळे झाले असतील. थोरल्याचा नंबर वर, धाकट्याचा खाली."

"मंग चूल पण दोन असन," राठोडमास्तर म्हणाले. "धूर पाहा बरं, दोन जागून निघून राह्यला का?"

आम्ही खरोखरच धूर शोधला! मग नलूताईंनी हार मानून अंगठा काढला. गाव होतं प्राग. खाली बारीक अक्षरांत खुलासाही होता. वरचा नंबर सगळ्या वस्तीतल्या घरांच्या नोंदीचा, खालचा त्या रस्त्यापुरता. पत्ता लिहिताना तिथले लोक दोन्ही लिहितात.

"म्हणजे भाऊ वेगळे झालेच नाहीत," जोशीबाई म्हणाल्या. त्यांना केवढं बरं वाटलं!

* * *

खानेसुमारीच्या वर्षी घरांना नंबर घालायचं काम आम्हा शिक्षकांवर आलं. मला राठोडमास्तरांचाच तांडा मिळाला. सोबतीला ते होते, नलूताईही आल्या. गेरूचा डबा घेऊन आम्ही दारोदार आकडे रंगवले. एका कुत्र्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं, तेवढ्या उचकीत आठाचा नऊ झाला असता.

काही दिवसांनी मोजणीला गेलो, तर सहाच्या शेजारी एक्केचाळीस! मला उचकी लागली. चूक माझीच असणार.

त्या घरात राठोडमास्तरांची मावशी राहायची. मास्तरांनी तिला गोरबोलीत काही विचारलं. तिनं उत्तर मात्र मला दिलं, आणि मराठीत. "काहून घाबरून राह्यली, बाई? मी खालच्या वस्तीतलं घर सोडलं. दार सागाचं हाये, ते काय तिथं ठेवाचं? घेऊन आली."

"पण मावशी, नंबर?"

"तुमी नंबर दाराले देल्ला. भिंतीले कोठं देल्ला?"

मी वहीत सहाच्या खाली एक्केचाळीस लिहून टाकला. नलूताईंना मात्र आनंद मावेना. परत येताना बैलगाडीत त्या सारख्या म्हणत होत्या, "पॅरिसमध्ये नाही, लंडनमध्ये नाही! नंबर फिरायला निघालेला दिसला, की डोळे मिटून सांगायचं, दारव्हा तालुका!"

* * *

आमचा खेळ मुलांच्या शाळेपर्यंत पोचला. तिथले हेडमास्तर स्वतः आले, खास आपल्या संग्रहातलं मासिक घेऊन. "बायकांचे उद्योग!" असं ते आल्याआल्याच म्हणाले. मग वहीनं सगळं चित्र झाकून त्यांनी फक्त एक दार उघडं ठेवलं. दारावर चार हजारांच्या पुढचा आकडा.

"हं! ओळखा. एकदाच सांगायचं."

नलूताई नेमक्या वर्गावर होत्या. जोशीबाईंनी तोंड उघडलं आणि राठोडमास्तरांनी घाईघाईनं त्यांच्यापुढे चहा सरकवला. राहिले मी.

चार हजार घरांचा रस्ता कुठून असणार? म्हणजे रस्ता मोजलेलाच नाही, सगळा मोहल्ला एका दमात मोजलाय. हे नलूताईंनी एकदा एका गावाबद्दल सांगितलं होतं. पण हेडमास्तर माझ्याकडे बघत होते!

"व्हे..." उचकी. "व्हे..." पुन्हा उचकी. "...निस!"

हेडमास्तरांनी वही उचलली. दाराच्या पायरीशी पाणी होतं आणि पाण्यात होडी!

नलूताई वर्गावरून आल्या, त्यांना सगळं कळलं. त्यांनी हेडमास्तरांना जिन्यापर्यंत पोचवलं आणि वरूनच ओरडून सांगितलं, "सर, आमच्याकडे उचकीलासुद्धा भूगोल येतो!"

* * *

आणि मग तिसरं स्थळ आलं.

मुलगा इंजिनिअर, लंडनला कारखान्यात शिकतोय, सुटीवर घरी येणार आहे, असं मध्यस्थ असलेले त्याचे अमरावतीचे मामा सांगत होते. बाबांनी फोटो शाळेत पाठवला. ओव्हरकोट घातलेला एक तरुण, मागे बंद दार.

मी चेहरा बघत होते. बाकीचे तिघं दार बघत होते.

त्याच्या खांद्यामागे दोन पाट्या होत्या, एकीखाली एक. राठोडमास्तरांनी भिंग काढलं. वर चार आकडी नंबर, खाली दोन आकडी.  तेव्हा जोशीबाईंनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "हे लंडन नव्हे!"

त्या रात्री मला झोप नाही. खोटं बोलणाऱ्या घरात जायचं? आणि नाही म्हणावं, तर बाबांना काय सांगायचं? दारावर नंबर दोन आहेत म्हणून?

बाभुळगावला पाहुणे आले. मी चहाचे कप ठेवले. तो फोटोतल्यापेक्षा बारीक होता आणि सारखा सतरंजीकडे बघत होता. मामा बाबांना म्हणत होते, "लंडन म्हणजे लंडनच हो! तिथली शिस्त, तिथली घरं..."

"प्राग," मी म्हणाले.

माझं मलाच कळलं नाही, कधी बोलले ते. बाबा घाईनं म्हणाले, "जरा घाबरट आहे ती." आणि उचकीची वाट बघत बसले.

"फोटोतलं घर लंडनचं नाही," मी म्हणाले. "दारावर दोन नंबर आहेत. ते प्राग आहे."

त्यानं मान वर केली. "मामा, मी तुम्हाला चार वेळा पत्रात लिहिलं होतं, प्राग सांगा म्हणून!"

"अरे, लंडन म्हटलं की लोकांना समजतं!" मामा चिडले. "प्राग म्हटलं की विचारतात, कोणता तालुका?"

बाबा माझ्याकडे बघत होते, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेवटी म्हणाले, "तुम्हाला मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा."

त्यानं कप उचलला, एक घोट घेतला आणि हळूच विचारलं, "समजा, तिकडे पत्र टाकायचं झालं. तर नंबर कोणता लिहाल? वरचा की खालचा?"

"दोन्ही," मी म्हणाले.

उचकी लागली, ती आमच्या ह्यांना!