सुभद्राबाईंची निर्जळी

घाटनांदूरच्या सुभद्राबाई माळकरी. लग्नाआधीच बापानं तुळशीची माळ घालायला लावली, ती आजतागायत गळ्यात. ऊसतोडीला गेल्यावर शेजारच्या पाचटाच्या कोपीत मटण शिजलं, तर त्या आपली चूल उचलून दूर नेऊन मांडायच्या. त्यांचा धाकटा अजिनाथ फौजेत कॅप्टन झाला आणि छावणीतल्या मानाच्या जेवणाला आईला घेऊन गेला.

दारातच तो म्हणाला, "माय, मोठे साहेब उठल्याबिगर कुणी उठत न्हाई बरं का. मी लांब बसणार हाय. तिथून हाक मारू नको."

"आमी काय पंगतीत बसलो न्हाई व्हय रे?"

आत लांबलचक टेबल, मेणबत्त्या, बँडवाले. सुभद्राबाईंच्या ताटाशेजारी लाल गुलाब होता. आल्यागेल्याला फूल द्यायची रीत असंल, असं त्यांना वाटलं. फूल डोळ्यांना लावलं आणि देवाला वाहायला म्हणून पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

पांढरे हातमोजे घातलेला वाढपी आला. त्यानं ताटाशेजारी नजर टाकली आणि कोंबडीची तंगडी रश्शासकट पुढ्यात ठेवून गेला.

सुभद्राबाईंनी दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले. उठता येईना, ताट सारता येईना. इकडं कर्नलच्या बाई, तिकडं कुणी मेजर. लेक टेबलाच्या पार त्या टोकाला. वाफ तोंडावर येत होती. त्यांनी माळेवर पदर ओढला आणि मनात पांडुरंग, पांडुरंग सुरू केलं.

तेवढ्यात समोरून मोठ्या साहेबांनीच विचारलं, "माताजी, आप कुछ ले नहीं रहीं?"

सगळ्यांचे चमचे थांबले. अजिनाथचा चेहरा पडला. खरं सांगावं, तर त्या वाढप्याला बोलणी बसतील आणि लेकाचं नाव चारचौघांत निघंल.

"मेरा उपास है, साहेब."

"अरे, फिर फल लाओ माताजी के लिए!"

दोन वाढपी धावले, मेजर खुर्ची सरकवून उठायला लागले. आता आणखी गलका नको, म्हणून सुभद्राबाई बोलून गेल्या, "नको, नको. निर्जळी हाय."

कर्नलच्या बाईंनी हात जोडले. त्यानं तर सुभद्राबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढ्यात पाण्याचा गार पेला, दिवसभराच्या प्रवासानं घशाला कोरड, आणि गाजराचा हलवा नाकासमोरून गेला. शेवटी सगळे देशाच्या नावानं पेला उचलून उभे राहिले. त्यांनीही उचलला, पण ओठ घट्ट मिटून नुसता टेकवला.

साहेब उठले तेव्हा कुठं सुटका झाली. बाहेर आल्यावर अजिनाथनं विचारलं, "कावून उपाशी बसलीस माय? तुझ्यापुढं फूल ठेवायला मीच सांगितलं व्हतं. फूल दिसलं की वाढपी समजतो, हितं मटण वाढायचं न्हाई."

"आन् हे आता सांगतोस व्हय, मुडद्या! फूल दिसलं की मी देवाचंच समजणार."

अजिनाथ हसला. गाडीतली बाटली उघडून त्यानं पुढं केली. "चुकलं माझं. घे, पाणी तरी पी. हितं कोण बघतंय?"

सुभद्राबाईंनी बाटली त्याच्या हातात परत दिली.

"देवाचं नाव पुढं करून तुझी अब्रू झाकली लेकरा. आता दिवस उगवंस्तोवर पाणी न्हाई. आन् तू माझ्या तोंडाकडं बघत उभा राहू नको. गाडी काढ."