कुपनामागचा चोर

विसरवाडीच्या फाट्यावर माझा एक दोस्त रद्दी विकत घेतो. लहानपणापासूनची गुप्तहेरांची चित्रपुस्तकं मात्र त्यानं विकली नाहीत. मी दुसरीत शाळा सोडलेली, अक्षर जुळवत वाचतो, म्हणून तो मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. गोळी सुटली की स्वतःच दचकायचा. मधली जाहिरातही त्याच आवाजात वाचायचा, "भिंतीपलीकडचं दाखवणारा चष्मा! कुपन आजच पाठवा!"

पोरपणी त्यानं सगळी कुपनं कापून पाठवली होती. चष्मा काही आला नाही. पण चोर पकडल्याचं चित्र नेमकं कुपनाच्या मागच्या बाजूला असायचं, त्यामुळे प्रत्येक पुस्तकात चोराच्या जागी भोक. मग चोर कोण, ते तो स्वतःच ठरवायचा.

"नाना, चोर मुनीमच शे," एकदा तो मला म्हणाला.

"दर येळे मुनीमच कसा रे? खोटं बोली ऱ्हायना तू!" मी चार गिऱ्हाइकांदेखत त्याला खोटारडा ठरवत ओरडलो.

त्यानं पुस्तक मिटलं.

तेव्हापासून मी गेलो की तो स्टूल पुसून देतो, पुस्तक हातात ठेवतो आणि तराजूकडे वळतो. वाच म्हटलं तर तो लगेच वाचेल, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. मी अजून म्हटलेलं नाही.